नसलेल्या नकाशाकाराचं पान

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात इंग्रजी विकिपीडियावरचं एक चरित्रपान चर्चेअंती वगळण्यात आलं. अठराव्या शतकातल्या एका नकाशाकाराचं ते पान होतं, आणि असा कुणी नकाशाकार कधी झालेलाच नव्हता. पान वगळण्याचा प्रस्ताव मी मांडला होता. जानेवारीत शंका आली, एप्रिलमध्ये निकाल लागला, आणि मागची आवराआवर अजून पूर्ण झालेली नाही. या काळात काय करायचं, कुणाला विचारायचं, किती थांबायचं हे मला ठिकठिकाणी शोधावं लागलं. दुसऱ्या कुणाला अशी थाप सापडली तर निदान चाचपडावं लागू नये म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

त्या नकाशाकाराचं नाव मात्र देणार नाही. थापेतलं नाव जिथे जिथे छापलं जातं तिथून ते पुन्हा उगवतं. हाच लेख उद्या कुणी त्याच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून दाखवला तर सगळी मेहनत पाण्यात जाईल.

समुद्रावर रेखांश मोजायला माणूस कसा शिकला, हा माझा आवडीचा विषय. त्यावर काही ना काही वाचत असते. जानेवारीत असंच एका बंदराच्या लेखातून दुव्यावर दुवा उघडत त्या चरित्राशी पोचले. पान देखणं होतं. बालपण, प्रवास, नकाशे, शेवटची वर्षं असे विभाग, खाली संदर्भांची यादी. मधल्या परिच्छेदात लिहिलं होतं की १७४१ साली त्याने खिशातल्या घड्याळाच्या मदतीने भर समुद्रात रेखांश काढला.

तिथे मी थबकले. घड्याळाने रेखांश काढायचा तर वेळ अचूक कळावी लागते, आणि समुद्राच्या हेलकाव्यांतही अचूक वेळ राखणारं घड्याळ जॉन हॅरिसनने बनवलं. त्याचं पहिलं यंत्र, ज्याला एच१ म्हणतात, १७३६मध्ये लिस्बनच्या सफरीवर गेलं, पण ते भलंमोठं होतं. हातात मावणारं एच४ तयार झालं १७५९मध्ये, आणि ते घेऊन जहाज जमैकाकडे निघालं १७६१मध्ये. म्हणजे या गृहस्थांच्या खिशात वीस वर्षं आधीच ते कसं आलं? पुढे वाचलं तर १७५२च्या सफरीत त्याने ‘नॉटिकल अल्मनॅक’ या खलाशांच्या पंचांगातले चंद्राच्या अंतरांचे तक्ते वापरल्याचं लिहिलं होतं. त्या पंचांगाचा पहिला अंक आहे १७६७ सालचा.

सनावळीच्या दोन चुका म्हणजे थाप नव्हे. खऱ्या माणसांच्या चरित्रांतही अशा चुका असतात. आपल्याला अजून फक्त शंका आहे, हे मी पहिल्या दिवसापासून स्वतःला बजावत होते आणि तुम्हीही बजावा. दुसरं म्हणजे, रागाच्या भरात पानावरचा मजकूर खोडू नका. कारण न देता मोठा मजकूर उडवला की तो उत्पात समजून काही क्षणांत परत येतो. क्लूबॉट एनजी नावाचा एक बॉट, म्हणजे स्वयंचलित सदस्य, २०१०पासून हेच काम करतो आहे. मजकूर परत येईल आणि वर तुमच्या चर्चापानावर ताकीद पडेल.

खोडण्याऐवजी ‘इतिहास’ उघडा. पान कुणी, कधी, किती टप्प्यांत लिहिलं ते सगळं तिथे असतं, आणि ते पाहायला खातंही लागत नाही. या पानाचा इतिहास काही वर्षं मागे जात होता. एका खात्याने एकाच संध्याकाळी संदर्भांसकट अख्खं पान आणून टाकलं होतं. त्याच खात्याची बाकीची मोजकी संपादनं पाहिली, तर प्रत्येकात हाच नकाशाकार: एका बंदराच्या लेखात त्याची भेट, एका जहाजाच्या लेखात त्याचा प्रवास, एका बेटाच्या लेखात त्याने काढलेला पहिला नकाशा. नंतर खातं गप्प झालेलं. त्यापुढच्या वर्षांत आलेली माणसं आणि बॉट मात्र सगळे सज्जन होते. कुणी शुद्धलेखन सुधारलं, कुणी वर्गीकरण जोडलं, कुणी संदर्भांची मांडणी नीट केली, कुणी जन्म-मृत्यूच्या सालांची चौकट घातली. या मदतीने दर वर्षी ते पान आणखी आणखी खरं दिसू लागलं होतं.

हे समजून घेताना २०१६मधलं एक संशोधन फार उपयोगी पडलं. त्यात माणसांना एक खरा आणि एक थापेचा लेख शेजारी शेजारी दाखवून थाप ओळखायला सांगितली होती. माणसांना ६६ टक्के वेळा जमलं, संगणकाच्या प्रणालीला ८६ टक्के वेळा. कारण माणसं पानाचं रूप पाहतात: लांबी, दुवे, मांडणी. प्रणाली लिहिणाऱ्या खात्याची पार्श्वभूमी पाहते, आणि हा लेख येण्याआधी इतर लेखांत त्या नावाचा उल्लेख होता का तेही पाहते. मी तेच दोन प्रश्न कागदावर लिहून समोर ठेवले. दुसऱ्या प्रश्नासाठी बाजूच्या साधनांमध्ये ‘येथे काय जोडले आहे’ असा दुवा असतो. त्यातून मिळालेला प्रत्येक उल्लेख त्या एकाच खात्याने पेरलेला निघाला.

देखण्या पानाने जाणती माणसं कशी फसतात याचं ठळक उदाहरण आपल्याच इतिहासातलं आहे. इंग्रजी विकिपीडियावर २००७ साली ‘डिचोली संघर्ष’ नावाचा लेख आला. १६४०-४१मध्ये गोव्याचे पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात लढाई झाली, असं त्यात सविस्तर, संदर्भांसहित लिहिलं होतं. त्याला ‘चांगला लेख’ असा दर्जाही मिळाला आणि डिसेंबर २०१२मध्ये वगळला जाईपर्यंत तो पाच वर्षांहून अधिक काळ टिकला. १६४०मध्ये शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते. मराठा साम्राज्य तेव्हा कुठलं? डिचोली पोर्तुगिजांच्या हाती गेली तीच मुळी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. शाळेत लक्ष देऊन इतिहास शिकलेल्या कुठल्याही मराठी मुलाने पहिल्या ओळीला हात वर केला असता. पण तपासणाऱ्यांनी पाहिली होती भाषा, रचना आणि तळटिपांची संख्या. अखेर एकाने त्यात दिलेली पुस्तकं शोधायला घेतली, ती कुठेच सापडेनात, आणि लेख कोसळला. मलाही पुस्तकांकडेच जायचं होतं.

जानेवारीचा उरलेला काळ आणि फेब्रुवारीचा बराचसा भाग यातच गेला. पानाखाली काही पुस्तकं, एका नियतकालिकातला निबंध आणि एका अभिलेखागारातली पत्रं असे संदर्भ होते. सगळे छापील. ऑनलाइन उघडेल असा एकही नाही.

सुरुवात आयएसबीएनपासून, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकापासून करा, ते सगळ्यांत सोपं. तेरा अंकी क्रमांकातला पहिला अंक एकने गुणायचा, दुसरा तीनने, तिसरा पुन्हा एकने, चौथा तीनने, असं शेवटपर्यंत, आणि सगळी बेरीज करायची. बेरजेला दहाने पूर्ण भाग गेला पाहिजे. नाही गेला तर एकतर टंकनाची चूक आहे किंवा क्रमांक मनाने लिहिलेला आहे. आमच्या पानावरच्या एका पुस्तकाचा क्रमांक या बेरजेतच अडकला. दुसऱ्याची बेरीज बरोबर आली, पण वर्ल्डकॅट या ग्रंथालयांच्या सामाईक सूचीत टाकल्यावर वनस्पतींवरचं भलतंच पुस्तक निघालं.

नियतकालिकाचा संदर्भ जास्त हुशारीने रचलेला होता. ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेचं नियतकालिक खरं आहे, १६६५पासून निघतं आहे, आणि दिलेला खंडही खरा होता. पण त्याचे जुने अंक आता स्कॅन होऊन वाचायला मिळतात. दिलेल्या पानावर दुसऱ्याच माणसाचा, दुसऱ्याच विषयावरचा निबंध होता. मागची-पुढची पानं चाळली, खंडाची अनुक्रमणिका पाहिली, आजूबाजूचे खंडही पाहिले. नाव नाही. चरित्रात तो सोसायटीचा सदस्य असल्याचंही म्हटलं होतं. १६६०पासूनच्या सदस्यांची यादी सोसायटीच्या संकेतस्थळावर शोधता येते. तिथेही नाही. नावाची वेगवेगळी वर्णलेखनं करून पाहिली, कारण त्या काळात एकाच माणसाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं आढळतं.

एक पुस्तक मात्र अस्सल निघालं. नकाशांच्या इतिहासावरचं, नावाजलेलं, छापील आवृत्ती संपलेली. एका दूरच्या ग्रंथालयाला सूचीची पानं स्कॅन करून पाठवण्याची विनंती केली. या सगळ्या प्रकरणात खिशातून गेलेला खर्च तेवढाच: स्कॅनचं शुल्क. उत्तर यायला वेळ लागला, आणि तोवर विकिपीडियावरच्या संदर्भ-विनंती कक्षाची माहिती मिळाली. तिथे तुम्हाला हव्या असलेल्या लेखाचा किंवा पानांचा तपशील लिहिला की ज्याच्याकडे ते असेल तो स्वयंसेवक फुकट पाठवतो. पैसे खर्च करण्याआधी तिथे जरूर विचारा. ‘विकिपीडिया लायब्ररी’ नावाची मोठी सोयही आहे, तिच्यातून पैसे देऊन वाचायचे कितीतरी संग्रह मोफत उघडतात. पण त्यासाठी खातं सहा महिने जुनं लागतं, ५०० संपादनं लागतात आणि गेल्या महिनाभरात दहा तरी संपादनं केलेली असावी लागतात. नव्या माणसाला ती लगेच मिळत नाही.

सूचीची पानं आली त्या रात्री मी ती पुन्हा पुन्हा वाचली. नकाशाकाराचं नाव नव्हतं. संदर्भात दिलेला पृष्ठक्रमांक पुस्तकाच्या शेवटच्या पानाच्याही पुढचा होता.

एवढं झाल्यावरही मला झोप नीट लागत नव्हती. माणूस खराच असला तर? इतिहासात हजारो माणसं अशी आहेत की त्यांचा मागमूस एखाद्या चर्चच्या नोंदवहीत किंवा एखाद्या जहाजाच्या हजेरीपटात तेवढा उरतो. लिहिणाऱ्याने अशी एखादी नोंद पाहून अतिशयोक्ती केली असेल, संदर्भ आठवणीने चुकीचे लिहिले असतील, आणि मी एका विसरलेल्या माणसाला दुसऱ्यांदा पुसून टाकेन. ही भीती मी कुणालाही सोडून द्यायला सांगणार नाही. याच भीतीमुळे मी अभिलेखागाराला ईमेल केला, जरी तोपर्यंत उत्तराचा अंदाज आला होता. त्यांचं उत्तर सौजन्याचं आणि स्पष्ट होतं: दिलेल्या पद्धतीचा संग्रह-क्रमांक आमच्याकडे कधीच वापरला गेलेला नाही.

याच शोधात एक नवी अडचण समोर आली. त्या नकाशाकाराचा उल्लेख असलेलं एक अलीकडचं पुस्तक सापडलं, शिवाय काही संकेतस्थळांवरचे लेख. क्षणभर वाटलं, पुरावा मिळाला. मग एका तक्त्यात तारखा मांडल्या: विकिपीडियावरचं पान कधीचं, आणि प्रत्येक उल्लेख कधीचा. एकही उल्लेख पानाच्या आधीचा नव्हता, आणि सगळ्यांत खिशातलं तेच घड्याळ होतं. या चक्राला ‘सायटोजेनेसिस’ असं नाव एका व्यंगचित्रमालेने २०११मध्ये दिलं. विकिपीडियावर कुणीतरी मनाने लिहितं, घाईतला लेखक तिथून उचलतो, आणि मग तोच छापील मजकूर विकिपीडियावर संदर्भ म्हणून येतो. दक्षिण अमेरिकेतल्या कोआटी या प्राण्याचं असंच झालं. २००८मध्ये एका विद्यार्थ्याने त्याला ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ म्हणतात अशी गंमत घुसवली, आणि काही वर्षांत ते नाव वर्तमानपत्रांत आणि विद्यापीठाच्या प्रकाशनातही छापून आलं. तुमच्या हाती अशी थाप लागली तर तारखांचा तक्ता सर्वांत आधी करा. पुढच्या चर्चेत माझं सगळ्यांत जास्त काम त्याने केलं.

फेब्रुवारीच्या शेवटी पानाच्या चर्चापानावर सगळं लिहिलं आणि पानावर ‘ही थाप असू शकते’ असा साचा, म्हणजे ठरावीक मजकुराची सूचना, लावला. वाट पाहिली. कुणीही फिरकलं नाही. कमी वाचल्या जाणाऱ्या पानांची चर्चापानं ओसच असतात, त्यात मन लावून घेण्यासारखं काही नाही. मग नकाशांच्या विषयाला वाहिलेल्या प्रकल्पाच्या चर्चापानावर दोन ओळींचा निरोप आणि दुवा टाकला, तेव्हा हालचाल झाली. एका जुन्या सदस्याने उत्तर दिलं, माझे स्कॅन मागवून पाहिले आणि पुढचा रस्ता समजावला.

तो असा. उघड थापांसाठी झटपट वगळण्याचा निकष आहे, त्याला जी३ म्हणतात. ‘चंद्रावर उंटांची शर्यत झाली’ असं पान आलं तर साचा लावायचा आणि प्रचालक, म्हणजे पानं वगळण्याचा अधिकार असलेला सदस्य, ते पाहून काढून टाकतो. पण वरवर खऱ्या वाटणाऱ्या, तपासायला वेळ लागणाऱ्या थापेला तो मार्ग नाही. तिला वगळण्याच्या खुल्या चर्चेत न्यायचं, म्हणजे अनेकांची नजर जाते आणि एकट्याच्या समजुतीवर पान जात नाही. मला हे पटलं. माझी भीतीही हीच होती.

प्रस्ताव मार्चच्या उत्तरार्धात मांडला. ट्विंकल नावाचं साधन पसंतीक्रमांत जाऊन चालू करता येतं. मग पानावरची सूचना, चर्चेचं उपपान, दिवसाच्या यादीतली नोंद आणि मूळ लेखकाला निरोप ही कामं ते एका फटक्यात करतं. त्यासाठी खातं किमान चार दिवस जुनं आणि दहा संपादनं केलेलं लागतं. मूळ लेखकाला कळवायला विसरू नका. खातं वर्षानुवर्षं मुकं असलं तरी त्याला बाजू मांडायची संधी मिळायला हवी.

प्रस्तावाच्या मजकुरावर मी आणखी दोन संध्याकाळी घालवल्या होत्या. लेखकाला लबाड म्हणणारं एकही विशेषण ठेवलं नाही. प्रत्येक संदर्भापुढे काय पाहिलं, कुठे पाहिलं आणि काय आढळलं एवढंच लिहिलं. एक नोंद नमुन्यादाखल देते: ‘पुस्तक अस्तित्वात आहे. सूची ग्रंथालयाकडून मिळवून तपासली, नाव नाही. उद्धृत पृष्ठ पुस्तकाच्या एकूण पृष्ठांच्या बाहेर. स्कॅन मागितल्यास पाठवेन.’ घड्याळाचा मुद्दा शेवटी ठेवला, कारण तो वाचायला आकर्षक असला तरी निर्णायक नव्हता.

चर्चा किमान सात दिवस चालते. पहिल्या दोन दिवसांत दोघांनी ‘वगळा’ म्हटलं. तिसऱ्याने हरकत घेतली: संदर्भ ऑनलाइन नाहीत म्हणून ते खोटे ठरत नाहीत. हरकत रास्त होती. हा आग्रह नसता तर जगातला ऑनलाइन नसलेला निम्मा इतिहास विकिपीडियावर आलाच नसता. मी त्यांना अभिलेखागाराचं उत्तर आणि स्कॅन पाठवले. याच नियमाचा फायदा थापा रचणारेही घेतात, हे खरं. २०२२मध्ये चिनी विकिपीडियावर एकाच खात्याने रशियाच्या मध्ययुगीन इतिहासावर रचलेले २०० हून अधिक लेख उघडकीस आले. एका कादंबरीकाराला एका चांदीच्या खाणीबद्दल जास्त वाचायचं होतं, आणि रशियन जाणणाऱ्यांनी सांगितलं की दिलेले संदर्भ मुळात नाहीतच. तिथेही कुणीतरी दुसऱ्या भाषेतलं पुस्तक शोधायला गेलं तेव्हाच गाठ सुटली.

मग चर्चेत एक बिनखात्याचा सदस्य आला. नावाऐवजी नुसता अंकपत्ता, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस. त्याचं म्हणणं: एवढं काय मनावर घ्यायचं, कुणीतरी गंमत केली, कुणाचं काय बिघडलं? चर्चेत मी दोन ओळींत उत्तर दिलं, पण हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे, म्हणून इथे जरा थांबते.

मला विनोद आवडतो, विकिपीडियावरचाही. १ एप्रिल २००७ला तिथल्या मुखपृष्ठावर जॉर्ज वॉशिंग्टनचा लेख होता. वाचणाऱ्याला वाटावं राष्ट्राध्यक्षच, पण तो होता त्याच नावाचा झटपट कॉफीचा उद्योजक. त्यातला शब्द न् शब्द खरा. छापील कोशांतही गमती आहेत. जर्मनीतल्या ‘प्शिरेंबल’ या प्रतिष्ठित वैद्यकीय कोशात १९८३मध्ये लोरियो या विनोदकाराची ‘दगडी ऊ’ शास्त्रीय नोंदीच्या थाटात आली. दगड खाणारी ऊ! पुढे ती काढली तर वाचकांनी आरडाओरडा केला आणि १९९७मध्ये ती परत आली. विनोद ऐकणाऱ्याला कळावा म्हणून केलेला असतो आणि थाप कळू नये म्हणून. वाचक जिथे हसण्यात सामील आहे तिथे कितीही खेळा. विडंबनासाठी ‘अनसायक्लोपीडिया’ २००५पासून आहे, विकिपीडियाच्या आतही गमतीच्या पानांना वेगळी जागा आणि वेगळा साचा आहे.

आणि कुणाचं काय बिघडलं? २००५मध्ये जॉन साइगेनथेलर या ज्येष्ठ अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रात कुणीतरी लिहिलं की केनेडी बंधूंच्या हत्यांमध्ये त्यांच्यावर काही काळ संशय होता. हे महिनोन् महिने तसंच राहिलं. लिहिणाऱ्याने नंतर सांगितलं की सहकाऱ्याची चेष्टा करायची होती. साइगेनथेलर हे रॉबर्ट केनेडींच्या निकटचे होते. त्यांनी स्वतः वर्तमानपत्रात लेख लिहून ही व्यथा मांडली, आणि त्या डिसेंबरपासून इंग्रजी विकिपीडियावर खात्याशिवाय नवं पान बनवणं बंद झालं. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचा म्हणून रचलेला ‘जारएडो वेन्स’ हा देव २००५पासून २०१५पर्यंत, जवळपास दहा वर्षं, विकिपीडियावर होता आणि एका पुस्तकातल्या देवांच्या यादीतही जाऊन बसला. ज्या समाजाचं स्वतःचं म्हणणं आधीच फार थोडं छापलं गेलं आहे त्याच्या नावावर कुणीतरी संध्याकाळच्या करमणुकीसाठी एक देव खपवला. याला मी गंमत म्हणू शकत नाही.

सात दिवसांनी निकाल लागला नाही. मतं थोडी होती म्हणून चर्चा आणखी एका आठवड्यासाठी पुढे ढकलली. हे नेहमीचं आहे, त्याला प्रस्तावाचा पराभव समजू नका. माझं मन मात्र त्या आठवड्यात फार खालीवर होत होतं, कारण मधे १ एप्रिल येत होता. त्या दिवशी तिथे गमतीचे वगळण्याचे प्रस्ताव टाकायची जुनी रीत आहे. ‘पृथ्वी’ हा लेखही त्यातून सुटलेला नाही. त्यांवर विनोदाचा साचा लावतात आणि मूळ लेखाला हात लावत नाहीत, तरीही एका थापेबद्दलची गंभीर चर्चा त्या गर्दीत शेजारी पडली, की येणारा-जाणारा तिलाही त्यातलीच समजेल अशी धास्ती होती. जुन्या सदस्याने सुचवल्याप्रमाणे ३१ मार्चला चर्चेच्या तळाशी एक ओळ लिहिली: हा प्रस्ताव गंभीर आहे, पुरावे वर आहेत. तुम्हाला निवड असेल तर मार्चचा दुसरा पंधरवडा टाळा.

एप्रिल लागल्यावर इतिहासात रस असलेल्या आणखी काहींनी स्वतंत्रपणे तपासून मतं दिली. हरकत घेणाऱ्या सदस्यानेही स्कॅन पाहून मत बदललं आणि तसं मोकळेपणाने लिहिलं. त्यांचं ते वाक्य वाचून मला सर्वांत जास्त बरं वाटलं. मतमोजणी होत नाही, मुद्द्यांचं वजन पाहतात, त्यामुळे प्रचालकाने समारोपात संदर्भांच्या तपासणीचा आणि तारखांच्या तक्त्याचा उल्लेख करून पान वगळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुवा उघडला तर तिथे वगळल्याची लाल नोंद होती.

एक खबरदारी इथेच सांगते. पान वगळलं की त्याचा जुना मजकूर आणि इतिहास फक्त प्रचालकांना दिसतो. तुम्हाला पुढे कुणाला काही दाखवायचं असेल तर चर्चा चालू असतानाच पानाची प्रत इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संग्रहात, जतन करून ठेवा. मला त्या प्रतीची गरज लगेचच पडली.

कारण पान गेलं तरी माणूस राहिला होता. इतर लेखांत पेरलेले उल्लेख एकेक करून काढले, प्रत्येक वेळी संपादनाच्या सारांशात चर्चेचा दुवा दिला, म्हणजे कुणी ते उलटवलं नाही. दुसऱ्या दोन भाषांच्या विकिपीडियांवर या पानाची भाषांतरं होती. प्रत्येक भाषेचे नियम आणि प्रचालक वेगळे, इंग्रजीतला निकाल तिथे आपोआप लागू होत नाही. त्यांच्या चर्चापानांवर साध्या भाषेत निरोप ठेवले. एका ठिकाणी पान लगेच गेलं, दुसऱ्या ठिकाणी त्यांनी स्वतः पुन्हा तपासणी केली आणि मग काढलं. विकिडेटा या विकिपीडियाच्या भावंड-प्रकल्पात माहितीच्या नोंदी असतात, तिथली नोंद वगळण्यासाठी वेगळी विनंती करावी लागली. महिन्याभराहून जास्त टिकलेल्या थापांची एक यादी इंग्रजी विकिपीडियावर ठेवली जाते, तिथे या पानाची नोंद झाली.

राहिल्या नकला. विकिपीडियाचा मजकूर मुक्त परवान्याखाली असल्याने कितीतरी संकेतस्थळं तो उचलून स्वतःकडे ठेवतात, आणि ते नियमाला धरूनच आहे. त्यांतल्या काहींनी पान ताजं झाल्यावर आपोआप काढलं, काहींना लिहूनही उत्तर नाही. शोधयंत्रांकडे कालबाह्य मजकूर कळवण्याचे फॉर्म असतात, पण ते मूळ पान नाहीसं झालं असेल किंवा त्यातला मजकूर बदलला असेल तरच चालतात. जिवंत नकलेला ते लागू पडत नाहीत.

त्या अलीकडच्या पुस्तकाच्या प्रकाशकालाही मी तारखांचा तक्ता आणि चर्चेचा दुवा पाठवला होता. मे महिन्याच्या शेवटी उत्तर आलं. लेखकाशी बोलणं झालं आहे, ई-आवृत्तीतून तो परिच्छेद काढला आहे आणि छापील पुस्तकाचं पुनर्मुद्रण होईल तेव्हा तिथूनही काढू, असं त्यांनी कळवलं. विकल्या गेलेल्या प्रतींमध्ये तो राहणारच. त्या पुस्तकाचा आधार घेऊन कुणी ते पान पुन्हा बनवायला येऊ शकतं. वगळलेलं पानही वॉचलिस्टमध्ये, म्हणजे लक्ष ठेवायच्या पानांच्या आपल्या यादीत, ठेवता येतं, तसं ते मी ठेवलं आहे.